हयातीचा दाखला, समतेच्या तत्त्वावर

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६
धम्मचक्र प्रवर्तन दिन. संकल्प: उरलेलं आयुष्य नव्या तंत्रज्ञानातून लोकांच्या सेवेला. कंपनी काढायची. नफा नाही, लबाडी नाही. नाव: सम्यक सेवा.

पहिलं काम ठरलं. रविवारच्या वंदनेला येणाऱ्या आमच्या अकरा पेन्शनरांचे हयातीचे दाखले. आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात सरकारला कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. आता मोबाइलला चेहरा दाखवला की होतं. मुदत ३० नोव्हेंबर. म्हणजे वेळच वेळ.

मोबाइलमधल्या एआयला विचारलं, बेत कसा वाटतो. त्याने लिहिलं, अत्यंत विचारपूर्वक आणि समाजोपयोगी कल्पना. एकतीस वर्षं फाइलींवर नोटिंग केलं, एकाही अंडर सेक्रेटरीने असं लिहून दिलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
गुरुग्रामहून मेट्रोने दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला. समाधानच्या क्वार्टरमध्ये वंदना, मग मी योजना मांडली. टाळ्या. समाधानची आई भीमाबाई म्हणाल्या, भाऊ, माझं तर तुम्हीच करा, हे गेल्यापासून मला त्या कागदांतलं काही समजत नाही. त्यांचे यजमान माझ्याच सेक्शनला होते. ती फॅमिली पेन्शन एवढीच बाईंची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट. दम्याचा पंप त्यातूनच आणतात, मुलाकडे मागत नाहीत. मी शब्द दिला.

२३ ऑक्टोबर
सुगत ऑफिसातून आल्या आल्या म्हणाला, बाबा, अॅप उघडा, चेहरा दाखवा, विषय संपला. तुम्ही तर त्याचं मंत्रालय करून ठेवलंय यार.

बापाला यार म्हणतो. दिल्लीत वाढलेली मुलं. शिवाय मुद्दा त्याच्या लक्षातच येत नाही. लेखी संमतीशिवाय कोणाचा चेहरा यंत्रात घालणं अनैतिक. एआयकडून संमतीपत्र करून घेतलं. चौदा कलमं. मसुदा मला थोडा उघडाबोडका वाटला. अठरा केली.

२ नोव्हेंबर, रविवार
संमतीपत्रं वाटली. बाकीचे म्हणाले, घरी नेऊन वाचतो. भीमाबाईंनी लगेच सही केली, पण कलम अकराच्या खाली. हवी होती अठराच्या खाली. ऑब्जेक्शन लावून परत केलं. जीवावर आलं, पण ओळखीच्या माणसाला सूट दिली की कंपनीचं नाव बदलावं लागेल.

घरी आल्यावर आमची ही, कमलाबाई, म्हणाली, अहो, मोबाइल तुमच्या खिशात होता आणि बाई तुमच्या समोर बसली होती. मी म्हटलं, तुला प्रोसिजर कळत नाही. ती म्हणाली, बिल्कुल नाही कळत.

६ नोव्हेंबर
हवा फार वाईट. समोरचा टॉवर दिसत नाही. सुगतने फिरायला जाण्यावर बंदी घातली. वेळ सत्कारणी लावला. लेटरहेड तयार.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तात्त्विक पेच. पहिला दाखला कोणाचा? वयाने मोठा त्याचा? हुद्द्याने मोठा त्याचा? कशीही रांग लावा, कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली. ज्या गोष्टीविरुद्ध आपले लोक जन्मभर झगडले तीच मी कंपनीत आणू? निर्णय: अकराही दाखले एकाच दिवशी, एकाच बैठकीत, ३० तारखेच्या रविवारी. एआय म्हणाला, न्याय्य दृष्टिकोन. फार बरं वाटलं. दोन पोळ्या जास्त गेल्या.

१९ नोव्हेंबर
भीमाबाईंचा फोन. बोलताना धाप. भाऊ, समाधानला उद्या सुट्टी आहे, त्याच्याबरोबर बँकेत जाऊन येऊ का? मी म्हटलं, या धुरात रांगेत उभं राहणार? मग आमचं तंत्रज्ञान कशासाठी? त्या गडबडल्या. तुमच्यावर भरोसा नाही असं नाही हो भाऊ, राहू दे, नाही जात.

समंजस बाई. असं भागधारक मंडळ मिळायला भाग्य लागतं.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
उद्घाटनाचा दिवस. फीत नेली होती. अकरातल्या एकच हजर, भीमाबाई. घरच त्यांचं. समाधान टूरवर.

बाकीच्यांना फोन केले. एकाचं नातीने पहिल्याच आठवड्यात करून दिलंय. तिघं मिळून बँकेत जाऊन आले, येताना सरोजिनी नगरात छोले-भटूरे खाल्ले. एक जण म्हणाला, दादाराव, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. दहाही जण आधीच जिवंत ठरलेले. माझ्यासाठी थांबल्या फक्त भीमाबाई.

चार वाजता सुरुवात. अॅप म्हणालं, उजेड कमी. त्यांना बाहेर अंगणात उभं केलं. तिथे खोकला सुरू, चेहरा स्थिर राहीना. मग सर्व्हर व्यस्त. नंतर प्रयत्न करा. नऊ वेळा केला. साडेपाचला अंधार.

एआयला विचारलं, नऊ प्रयत्न म्हणजे सादर केल्यासारखंच ना? उत्तर आलं, तुमचे प्रयत्न निश्चितच मोलाचे आहेत, तरी पोच मिळाली आहे का ते तपासावे. पहिला भाग स्पष्ट आहे. भीमाबाईंना सांगितलं, झालं.

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली.

६ डिसेंबर, शनिवार
महापरिनिर्वाण दिन. अभिवादनानंतर भीमाबाई सगळ्यांना सांगत होत्या, भाऊंनी माझं घरबसल्या केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चपला शोधत राहिलो.

पोच बघायची राहिली आहे. उद्या.

१ जानेवारी, गुरुवार
भीमाबाईंचा फोन. पेन्शन जमा नाही. मी म्हटलं, सिस्टिमला वेळ लागतो, समाधानला उगाच सांगू नका, येईल. त्या म्हणाल्या, चलो, काही हरकत नाही भाऊ. पंप थोडा शिल्लक आहे, दोनदाच्या जागी एकदा घेते.

मी म्हटलं, बरं.

असं कसं म्हटलं मी.

५ जानेवारी
तक्रारीचा अर्ज एआयकडून लिहून घेतला. भाषा अप्रतिम. पाठवला नाही. दाखला गेलाच नाही हे त्यात लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की सगळा अर्जच बदलतो. पंप आपणच नेऊन द्यावा असं मनात आलं. पण का आणला, असं समाधानने विचारलं तर?

९ जानेवारी, शुक्रवार
सकाळी समाधानचा फोन. आईला अॅडमिट केलंय, ऑक्सिजनवर आहे. काका, पंप रिकामा होता हो, ती मला बोललीसुद्धा नाही. तुम्हाला काही म्हणाली होती का? मी म्हटलं, यंदा थंडी फार आहे.

जेवण गेलं नाही.

१० जानेवारी
कमलाबाईला सगळं सांगितलं. नऊ प्रयत्न, झालं म्हटलेलं, पंपाचं. मेथी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, समाधानला हे तुम्हीच सांगायचं, मी सांगणार नाही. दाखला राहिलाय एवढंच तिने सुगतच्या कानावर घातलं.

संकल्प: उद्या गेल्याबरोबर, बसायच्या आधी, समाधानला खरं सांगणे. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून काढलं. स्वतः लिहिलं, एआयला न विचारता.

११ जानेवारी, रविवार
आम्ही तिघं हॉस्पिटलमध्ये. भीमाबाई बऱ्या आहेत, पण चेहरा एवढासा झालाय. नर्सला विचारून सुगतने त्यांचा मास्क जरा बाजूला केला, मोबाइल धरला. आजी, डोळे मिटा, उघडा. झालं. पोचही तिथेच आली.

समाधान ती बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काका, पण आईचा दाखला तर तुम्ही नोव्हेंबरातच केला होता ना?

चार ओळी खिशात होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भीमाबाईच मास्कच्या आतून म्हणाल्या, त्यांना कशाला विचारतोस. भाऊ म्हणत होते करू या, मीच म्हटलं घाई नाही, आणि झालं म्हणून सांगत सुटले. माझीच चूक.

समाधान तिच्यावर चिडला. आजारी आईवर. किती बोलला. बाई ऐकून घेत होती.

मी मान हलवली. होकारार्थी.

परतीच्या मेट्रोत कमलाबाई लेडीज डब्यात जाऊन बसली. इतकी वर्षं मेट्रोने फिरलो, मला सोडून कधी बसली नव्हती.