ओनेलियोच्या होडीचा पंखा

३ मार्च, सकाळ.
जावयाच्या होडीसाठी ॲल्युमिनियमचा पंखा ओतला. मालमसाला: जुने पिस्टन, खिडक्यांच्या पट्ट्या, एक रशियन वॉशिंग मशीन. अख्ख्या काइबारिएन बंदरात असा हात दुसऱ्याचा नाही. ओनेलियो जावई असूनही माणूस बरा आहे. माझ्या पंख्याच्या भरवशावर समुद्रात जातो.

दुपार.
नोर्वेलिस डबा घेऊन आली. पोरगी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होती, म्हणून बापाला शिकवते. म्हणे, "बाबा, लोखंडी भांड्यात वितळवताय तर आतून चुना फासा. नाहीतर लोखंड धातूत उतरतं, आणि खारं पाणी नेमकं तिथंच कुरतडतं." माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं याच भांड्यात वितळवून पातेली ओतली. चुना नाही, काही नाही. यावर म्हणाली, "पातेली समुद्रात जात नव्हती." बोलायला काय जातं!

२० एप्रिल.
पंख्यावर पांढरी खपली. नखाने काढली, खाली टाचणीएवढा खड्डा. यंदा पाणीच जास्त खारट आहे.

११ मे.
खड्डे सत्तावीस. बाकी पंखा चकचकीत, म्हणजे धातू उत्तमच. ओनेलियो म्हणाला, "मामा, यात घेवड्याचा दाणा मावेल." जावयाला फार जेवू घातलं की जीभ सुटते. लोखंडी तारेच्या ब्रशने घासून दिला. प्रश्न मिटला.

२ जून.
पातं खड्ड्यापाशीच मोडलं. ओनेलियो दोन दिवस वाहत गेला. आज शेवंड पकडणाऱ्या कोळ्यांनी ओढून आणला. ओठ फुटलेले. मी पाणी पुढे केलं, त्याने नोर्वेलिसच्या हातून घेतलं. भीती वाटली मला, खोटं कशाला लिहू.
संकल्प: यापुढे चुना. नोर्वेलिसला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल.

१५ ऑगस्ट.
चुना फासून ओतलेला नवा पंखा चाळीस दिवस धक्क्याखाली बुडवून ठेवला होता. आज काढला. एक खड्डा नाही. चुन्याची कल्पना मुळात वडिलांचीच असावी.

१६ ऑगस्ट.
पंखा घेऊन पोरीच्या घरी गेलो. ओनेलियो हॉटेलच्या गणवेशात. "होडी विकली, मामा. आता पाहुण्यांच्या बॅगा उचलतो." कोणी विकायला लावली, विचारलं. नोर्वेलिस कॉफी गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मी. शपथ घातली त्याला. म्हटलं, माझे बाबा जिवंत आहेत तोवर समुद्रात जायचं नाही."
मग मला कॉफी दिली. प्यायलो. पंखा परत आणला.
तब्येत तशी ठणठणीत आहे माझी.