शेवटचा कप्पा

३ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. मागच्या खोलीला रंग दिलास, पलंग खिडकीपाशी सरकवलास, यांना धरायला बाथरूममध्ये दांडासुद्धा बसवून घेतलास. पत्र दोनदा वाचलं. शेवटी एवढंच विचारलं आहेस, 'कधी येताय?' कळवते, ताई, नक्की कळवते. पण आधी माझ्या बॅटऱ्यांचं ऐक, नाहीतर मी फुटेन!

हसू नकोस. 'माझ्या' असंच लिहिलं आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानं यांचा उजवा हात आणि बोलणं गेलं, तेव्हा तू म्हणालीस, आता गोल्फच्या मैदानावरची ती शेड सोडा आणि माझ्याकडे या. मीही मान डोलावली होती. खेळणाऱ्यांना आणि त्यांच्या काठ्यांच्या पिशव्यांना मैदानभर फिरवणाऱ्या विजेच्या गाड्या, त्यांची देखभाल म्हणजे यांचं अख्खं आयुष्य. त्यात मला काय कळणार? लग्न झाल्यापासून मी डबा घेऊन शेडच्या दारापर्यंत जायची. पाऊल आत टाकलं की हे म्हणायचे, "आत नको, ॲसिड आहे." मी आपली उंबऱ्यावरूनच परत.

तर गेल्या महिन्यात शेडमधलं यांचं सामान आवरायला गेले. यांनाही चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. तेवढ्यात मैदानाचे मॅनेजर आले. भला माणूस, पण सदा घाईत. म्हणाले, "काकू, सावकाश आवरा. या गाड्या तशाही भंगारातच जायच्यात. बॅटऱ्या मेल्यात सगळ्या. अठरातले चार होल झाले की जागच्या जागी बसतात."

त्यावर हे इतक्या जोरात "नाही!" म्हणून ओरडले की मॅनेजर दोन पावलं मागे सरले. आता यांच्या तोंडात हा एकच शब्द उरलाय, हे तुला ठाऊकच आहे. चहा हवा असला तरी 'नाही', नको असला तरी 'नाही'. त्या दिवशी मात्र मला बरोबर कळलं. बॅटऱ्या मेलेल्या नाहीत, असं म्हणत होते. मी मॅनेजरांना तसं सांगितलं, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे, "आम्हाला जरा बघू द्या."

यांच्याकडे बघून ते विरघळले. म्हणाले, "मार्चअखेरीला स्पर्धा आहे. त्या दिवशी गाड्यांनी पूर्ण फेरी मारली, तर काम तुमच्याच घरात राहील. नाही मारली तर शेडची किल्ली परत द्या." त्यांची समजूत अशी, की हे हाताखाली कुणीतरी माणूस आणतील. आणला ना! मलाच.

ताई, बॅटरी मरते कशी, माहीत आहे? अर्धवट चार्ज करून तशीच टाकून दिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरी खरपुडी धरते. एका गाडीत सहा बॅटऱ्या, एकेकीला तीन कप्पे. त्यातला एक कप्पा मागे पडला तरी सगळी गाडी त्याच्यापायी अडते. प्रत्येक कप्प्यातलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून बघायचं. नळीत एक काटा तरंगतो. वर तरंगला तर कप्पा भरलेला, खाली बुडाला तर रिकामा. पहिल्या दिवशी जिथे बघावं तिथे आपला बुडालेलाच.

हे खुर्चीत बसून काठीनं दाखवणार आणि मी करणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. अंगठी काढ, चष्मा लाव, रबरी हातमोजे घाल, खिडक्या उघड, सगळं काठीच्या टोकानं. जोडणीच्या टोकांवर साचलेला हिरवा थर सोड्याच्या पाण्यानं घासायचा होता, तो मी चकाचक केला. जन्मभर भांडी काय कमी घासलीत? पण पुढे तोच गृहिणीपणा नडला. पाणी कमी दिसलं की भरून टाकायचं, एवढंच मला माहीत. चार्जिंगला लावायच्या आधीच सगळे कप्पे गळ्यापर्यंत भरून मोकळी झाले. हे मागून "नाही, नाही, नाही" करत होते, आणि मला वाटलं कौतुक चाललंय! तापल्यावर पाणी फुगलं, ॲसिड उतू गेलं, आणि तू विणलेल्या निळ्या स्वेटरची चाळण झाली. रागावू नकोस. आधी पट्ट्या बुडतील इतकंच घालायचं, बाकीचं चार्ज झाल्यावर. आता मला झोपेतून उठवून विचार.

आणि परवा तर कमालच झाली. पहिली गाडी पूर्ण चार्ज झाली, तरी हे चार्जर बंद करू देईनात. करंट कमी ठेवायचा आणि मुद्दाम आणखी चार्ज करत राहायचं. याला इक्वलाइज करणं म्हणतात. भरलेल्या कप्प्यांना जरा सोसावं लागतं, पण मागे राहिलेल्यांना त्यांना गाठायला वेळ मिळतो. थोड्या वेळानं सगळ्या बॅटऱ्या आतून रटरटायला लागल्या. वास असा की डोळ्यांत पाणी. मी हातपायच गाळले.

"बंद करू?"

"नाही."

"अहो, फुटेल ना!"

"नाही."

एकदा दुधानं तोंड पोळलं होतं, त्यामुळे मी दर थोड्या वेळानं बॅटरीला हात लावून बघत होते. कोमट होती, फार तापली नव्हती. तासातासानं नळी बुडवत होते. एकामागून एक सगळीकडे काटा वर, फक्त टोकाचा एक कप्पा ढिम्म. पुन्हा थांबायचं, पुन्हा नळी. दुपारच्या चहाच्या वेळी मी सहज म्हणून ओढून बघितलं आणि ताई, काटा वर आला! शेवटचा तो हट्टी कप्पा बाकीच्यांच्या बरोबरीला आला! मी किंचाळलेच. वळून बघते तर हे डाव्या हातानं मांडी बडवत हसत होते. झटका आल्यापासून हे हसले नव्हते, ताई.

अजून बऱ्याच गाड्या रांगेत आहेत. उठते आता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच, नाही का? स्पर्धा होऊन जाऊ दे.

तुझी,
चाळणीच्या स्वेटरातली धाकटी


३० मार्च, सोमवार

ताई,

धावल्या! ओल्या हातानंच लिहायला बसले आहे, अक्षर लावून घे.

दोन गाड्यांच्या बॅटऱ्या खरोखरच गेलेल्या निघाल्या. आतल्या पट्ट्याच झडल्या होत्या. त्यांना हातही लावू नकोस, असं यांनीच काठीनं सांगितलं, आणि मी स्पर्धेच्या आधीच मॅनेजरांच्या कानावर घातलं. बाकीच्या सगळ्या काल मैदानात उतरल्या. आम्ही दोघं शेडच्या सावलीत बसलो होतो. मी बसले होते म्हणजे काय, उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. चौथा होल गेला, नववा गेला. शेवटच्या चढावर एक गाडी मंदावली. आतला पाहुणा खाली उतरायच्या बेतात होता. माझा जीव नुसता टांगणीला. यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की अजून वळ आहे. गाडी रांगत रांगत गेली, पण गेली, ताई. वर पोचली. मी चारचौघांत टाळ्या पिटल्या आणि कुणी काय म्हणेल याचा विचारही केला नाही.

आता ते लिहिते, जे मागच्या पत्रात टाळलं.

ते पत्र लिहायच्या आधीच आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. म्हणाले, हात सुधारतोय, व्यायाम असाच चालू ठेवा, वर्षभरात कामावरसुद्धा जातील. मी डॉक्टरांचे हात धरून आभार मानले. घरी येताना आनंद गगनात मावत नव्हता. आणि मग रस्ता ओलांडता ओलांडता मनात आलं. हे बरे होतील, पुन्हा शेडमध्ये उभे राहतील, आणि मला म्हणतील, आत नको, ॲसिड आहे. मी परत उंबऱ्याबाहेर. ज्या माणसासाठी मी दिवसरात्र प्रार्थना करते, त्याच्या बरं होण्याची मला क्षणभर भीती वाटली, ताई. हे मी कुणाला सांगू? तुलाच सांगते. सकाळी शेडचं दार उघडताना मला इतकं बरं वाटतं, की लाज वाटते. नवरा अर्धा लुळा होऊन बसलाय आणि मी गुणगुणत नळ्या धुते. तू खोली रंगवून वाट बघत होतीस, आणि मी उत्तर देत नव्हते ते एवढ्याचसाठी. तुला वाटत होतं, मी इथे हाल काढते आहे. मी हाल काढत नव्हते.

काल संध्याकाळी मॅनेजर शेडमध्ये आले. खूश होते. यांचा खांदा थोपटून म्हणाले, "मानलं तुम्हाला! मग काम पुढे तुमच्याच नावावर ठेवू ना?"

यांनी आधी शेडभर नजर फिरवली. मग म्हणाले, "नाही." आणि काठी उचलून माझ्याकडे रोखली.

मॅनेजर हसले. "काकू? खरंच?" हे पुन्हा काठी हवेत हलवत राहिले, जणू समोरचा माणूस ठार आंधळा आहे. मला हसावं की रडावं कळेना. मी फक्त "हो" म्हटलं. एवढा मोठा 'हो' मी माझ्या लग्नातही म्हटला नसेल.

पण घरी आल्यावर यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवले नाहीत. खांदे हलत होते. मी शेजारी बसले. "तुम्ही बरे झालात की सगळं तुमचंच आहे," असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते खोटं झालं असतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात यांना माझं खोटं लगेच कळतं. पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिले. मलाही रडू आलं. दोघंही आपापलं रडलो आणि केव्हातरी झोपलो.

आज सकाळी चहा ठेवून खोलीत आले तर हे पलंगाच्या काठावर बसले होते. बूट घातलेले. स्वतःचे स्वतः, एका हातानं, आणि उजवा डाव्या पायात, डावा उजव्यात. मी बदलायला खाली वाकले, तर काठीनं मला अडवलं आणि तीच काठी दाराकडे रोखली. कामाला उशीर होत होता.

तेव्हा ताई, आम्ही येत नाही. रागाव, चार दिवस बोलू नकोस, पण नंतर तू ये. शेडमध्ये एक खुर्ची जास्तीची आहे. येताना जुने कपडे घाल.

थोडी लाज आणि पुष्कळ आनंद, दोन्हींसकट
तुझीच,
धाकटी