सारवलेली भिंत

कडाव, ता. कर्जत
५ जानेवारी १९७६

चि. सोमा यास आबाचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. वालाला फुलोरा चांगला आहे. तुझी जनाअक्का पळसदरीहून परवा येऊन गेली. तिच्या धाकटीला कांजिण्या निघाल्यात, पण उतार पडतोय. तू मद्रासला पोचल्याचं कार्ड मिळालं. अंदमानची बोट सतराला सुटते हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर लावून घे.

तू गेल्यावर खाट उचलली, तर खाली ठेकेदाराने दिलेली मच्छरदाणी तशीच घडी केलेली, आणि घडीत हिवतापाच्या गोळ्यांचं पाकीट. फोडलेलंसुद्धा नाही. विसरला असशील असं आधी धरलं. मग निघतानाचं तुझं बोलणं आठवलं. "आबा, मी बुडालेल्या बोटीचं लोखंड काढायला पाण्याखाली जानार. मच्छर काय पाणबुडे हायत?" आणि वर म्हणालास, "सरकारी औषध म्हंजे पाणी. तूच सांगितलंस ना?"

मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हशीकडे गेलो.

काल दहिवलीला नामाकडे जाऊन आलो. तू लहान असताना आपल्या गावात घरोघर डीडीटी फवारायला यायचा, तो नामा. नोकरी गेल्यापासून नाक्यावर सायकली दुरुस्त करतो. डॉक्टर सोडून त्याच्याकडे का गेलो, ते पुढे लिहितो. लिहवलं तर.

तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब धरून बसला होता. मी तुझं सांगितलं. मान वर न करता म्हणाला, "पान्याखाली नाय चावत, खरं हाय त्याचं. पन मानूस काय मासा हाय? सांजच्याला वर येनार, उघडा, वल्ल्या अंगानं किनाऱ्यावर बसनार. त्याच वक्ताला तर त्यांची पंगत असते."

मग त्याने सांगितलं ते मी बिडीच्या कागदावर उतरवून आणलं. बुडी संपली की अंग पुसून लगेच लांब बाह्यांचा सदरा आणि पायजमा घालायचा. पायाचे घोटे झाकायचे, तिथे फार चावतात. उघडं राहील तिथे डास पळवणारं मलम चोळायचं आणि पाण्यात उतरलास की ते धुतलं जातं, म्हणून वर आल्यावर पुन्हा चोळायचं. मच्छरदाणी अंधार पडायच्या आत लावून गादीखाली खोचायची, भोक दिसलं तर शिवायचं. तंबूपाशी करवंट्या, डबे यात पाणी साचू द्यायचं नाही. गोळ्या रविवारी दोन, पोटात काहीतरी घालून. त्या बोट सुटायच्या आधी आठवडाभर सुरू करायच्या असतात. उशीर झालाय, म्हणून हातात पडतील त्या दिवशीच घे. परत आल्यावरही चार आठवडे थांबवायच्या नाहीत. आणि ताप आलाच तर अंगावर काढू नकोस, त्याच दिवशी रक्त तपासून घे.

मच्छरदाणी आणि गोळ्या उद्या रजिस्टर पार्सलने पाठवतो.

पण सोमा, तू पार्सल घेशील आणि पुन्हा खाटेखाली टाकशील. मी तुला ओळखतो, आणि हे तुला मीच शिकवलं. सांजेला दार लावून बसलोय. समोर ती भिंत आहे. सोळा वर्षं मी या खोलीत तिच्याकडे पाठ करून झोपतो.

तुझी आई गेली त्या श्रावणात नामा फवारून गेला होता. भिंतीवर पांढरे डाग पडले. जाताना तुझ्या आईला सांगून गेला, "वहिनी, दहा आठवडे भिंतीला हात लावायचा नाय. डास बसला की मरतो तो याच्यामुळं." पुढच्या शनिवारी जनाला बघायला पाहुणे येणार होते. मी म्हणालो, भिंत सारवून काढ, कोड फुटल्यासारखी दिसते. ती म्हणाली, "दिसू दे. पावने पोरगी बघाया येनार का भिताड?"

तिने ऐकलं नाही. मग ती शेतावर गेली असताना मीच शेण-माती कालवली आणि चारी भिंती सारवल्या. पुरुष सारवत नाही, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं जनाने केलं, जनाला वाटलं आईने केलं.

तीन आठवड्यांनी तिला थंडी वाजून ताप आला. चौथ्या दिवशी डोक्यात गेला. तिने तुला ओळखलं नाही, ते तुला आठवत असेल.

तेराव्याला लोक विचारू लागले, फवारलेल्या घरात हिवताप कसा. मी म्हणालो, नामाने औषधाऐवजी पाणी मारलं. तू माझ्या मांडीवर होतास. मग तसा अर्जही केला, माझ्याच अक्षरात. बौद्धवाड्यातल्या नामाचं माझ्यापुढे कोण ऐकणार, हे मला ठाऊक होतं. दोन महिन्यांत त्याची नोकरी गेली.

काल उठताना मी त्याला म्हणालो, "नामा, त्या वक्ताला..." तो ट्यूब पुसत म्हणाला, "आबाजी, मी मयताला आलतो तुमच्याकडं. भिताडावरलं नवं सारवण तवाच दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"घरात मयत झालेलं. तवा काय बोलायचं? आनि मागनं कोन इचारतंय?"

एवढं म्हणून त्याने चाक बसवलं, आणि मी निघालो तेव्हा मागून ओरडला, "रविवारी दोन. पोराला इसरू देऊ नका."

औषध पाणी नव्हतं, सोमा. ते मी झाकलं.

हे पत्र फाडू नकोस. परत आलास की मला दहिवलीला ने आणि नामासमोर मोठ्याने वाच. माझ्याच्याने ते होणार नाही. पहिल्या दोन गोळ्या घेतल्यास की कार्डावर एवढंच लिही, घेतल्या. मला बाप म्हणू नकोस हवं तर, पण घे.

तुझ्या आईची भिंत सारवणारा,
आबाजी