चार मार्कांचा भाचा

मंगळवार, दि. १९ जून २००१

आदरणीय दाजी तातेराव यांना हरिचंदचा सविनय जय भीम. अक्का जवळ बसली असेल तर तिलाही. मात्र ती बसली असेल तर हे पत्र मोठ्यानं वाचू नये. आधी एकदा मनातल्या मनात पुरतं वाचावं आणि त्यातलं काय वाचून दाखवायचं ते तुम्हीच ठरवावं, एवढी विनंती.

तुमचा गुडघा कसा आहे? साखर कारखान्याच्या काट्यावर पंचवीस हंगाम उभा राहिलेला गुडघा तो, कुरकुर करणारच. वसमतला नवीन डॉक्टर आला आहे आणि तो सुया मारतो असं ऐकलं. मारू द्या, पण बाटलीवरची तारीख स्वतः वाचत जा. हळद विकली का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. आमच्या सौ. सोजराबाईंचा खोकला थांबला (म्हणजे मी घरात असताना त्या खोकत नाहीत, नसताना काय करतात ते कळायला मार्ग नाही). एकच गोष्ट मनाला लागून आहे. दरवर्षी मृगाच्या आगेमागे अक्काच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची बरणी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर येते, ती यंदा आली नाही. पहिले चार दिवस माझा संशय कंडक्टरवर होता. त्याला मी स्टँडवर गाठून, त्याचा डबा उघडायला लावून, त्यातलं लोणचं चाखून पाहिलं. ते लिंबाचं निघालं. म्हणजे कंडक्टर सुटला आणि राहिली अक्का. तेव्हाच ओळखलं की प्रमोदनं घरी येऊन सगळं सांगितलेलं दिसतं. चित्रकलेच्या मास्तराची जागा त्याला मिळाली नाही आणि ती मामामुळे मिळाली नाही, असंच त्यानं सांगितलं असणार. दाजी, एका बाजूचं ऐकून निकाल देऊ नये. माझी बाजू जरा लांब आहे, तेव्हा गुडघ्याखाली उशी घेऊन बसा.

आमचे जुने चित्रकलेचे हिरासिंग सर गेल्या दिवाळीत निवृत्त झाले आणि शाळेचं तोंडच गेलं. चित्रकलेचा मास्तर म्हणजे मुलांना माठ आणि कंदील काढायला शिकवतो तो, अशी लोकांची समजूत असते. खरं काम वेगळंच. रोजचा सुविचार त्यानं लिहायचा, प्रगतिपत्रकांवर नावं त्यानं घालायची, संमेलनाचा पडदा त्यानं रंगवायचा, पाहुणे आले की रांगोळी त्याचीच आणि अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाचं कापडी बॅनरही त्याचंच. हिरासिंग सर गेल्यापासून सुविचार मी लिहितो. माझ्या अक्षरातला 'सदाचार' मुलं 'सदा चोर' असा वाचतात आणि मुद्दाम वाचतात, याबद्दल माझी खात्री आहे. शेवटी मे महिन्यात पेपरात जाहिरात आली आणि तुमचं पोस्टकार्ड आलं, की प्रमोदनं अर्ज केला आहे, मामा मुख्याध्यापक आहे, आता काळजी नाही.

काळजी तिथूनच सुरू झाली. तुम्हाला आठवत असेल, चौऱ्याण्णव साली माझ्यावर एक निनावी अर्ज झाला होता. मी नात्यातला शिपाई भरला म्हणून. शिपाई अमरसिंग! त्याचं माझं नातं कुठून निघायचं? तरी आठ महिने चौकशी चालली. तेव्हा जिल्हा परभणी होता, मी वीस वेळा परभणीला गेलो, आणि शेवटी 'तथ्य आढळले नाही' एवढ्या तीन शब्दांवर माझी बोळवण झाली. त्या आठ महिन्यांत मी रात्री दोन वेळा उठून कडी लावली आहे की नाही ते पाहायचो, ती सवय अजून गेली नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर आता पाणीसुद्धा फुंकून पितो. पेन्शनला दोन वर्षं राहिली आहेत, आणि आता हिंगोलीच जिल्हा झाल्यामुळे निनावी अर्ज करणाऱ्याचं गाडीभाडंही वाचतं.

म्हणून मी प्रमोदला सक्त सूचना लिहून कळवल्या. घरी उतरायचं नाही. गोरेगावहून जीपनं यायचं आणि शाळेच्या अलीकडे उतरायचं. मला मामा म्हणायचं नाही, वाकायचं नाही, माझ्याकडे बघून हसायचं तर मुळीच नाही. आणि कोणाची चिठ्ठी आणायची नाही. पत्र वाचून जाळून टाकायचं. (त्यानं ते जाळलं का, हे कृपया विचारून कळवावं.)

दोन तारखेला मुलाखती झाल्या. समितीत आम्ही तिघं होतो, अध्यक्ष शिवशंकरराव, हिंगोलीहून आलेले चित्रकलेचे एक तज्ज्ञ आणि मी. प्रत्येकाच्या हातात वीस मार्क. सुरुवातीलाच एका कागदावर सह्या झाल्या की उमेदवारांपैकी कोणी आमच्या नात्यातलं नाही. पेन सर्वांत आधी मी उघडलं, हे मुद्दाम नमूद करतो. उमेदवार चौदा आणि चिठ्ठ्या तेरा. एकाला माजी सरपंचाची, एकाला आमदारांच्या ड्रायव्हरची, एकाला डॉक्टरची (तीत उमेदवाराला दमा नाही एवढंच लिहिलं होतं). एकानं तर भारी लेटरहेडवरची शिफारस आणली. मला ती बघताक्षणी खटकली. चित्रकलेचा उमेदवार म्हटल्यावर लेटरहेड छापलेलं आहे की हातानं काढलेलं, हे कसं ओळखावं? मी बोट ओलं करून कोपऱ्यावर फिरवलं, तर त्यातला सिंह पुसला गेला. तज्ज्ञांनी मात्र सिंह चांगला काढला होता म्हणून त्याला दोन मार्क जास्त दिले.

प्रमोदचा नंबर अकरावा. हाती चिठ्ठी नाही, ओठावर कोणाचं नाव नाही.  अध्यक्षांनी फाइल उलटीसुलटी केली, झटकून पाहिली, की एखादी चिठ्ठी खाली पडेल. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, ह्यो कोनाचा मानूस हाय? बिनचिठ्ठीचा येऊन राहिला म्हनल्यावर लई वरचा असंल." मी म्हटलं, मी या मुलाला जन्मात पाहिलेलं नाही. दाजी, ज्याला मी चार वर्षं सांभाळला, ज्याची नखं मी काढली, ज्याच्या गोवराच्या तापात मी आणि सोजराबाईंनी आळीपाळीनं रात्री जागून काढल्या, त्याच्यासमोर बसून मी हे म्हणालो. हळू म्हणालो, पण खोली लहान आहे.

नंतर प्रात्यक्षिक होतं. विषय मी द्यायचा होता. माठ-कंदील दिला तर कोणी म्हणेल, भाच्याचा सराव होता म्हणून दिला. म्हणून मी असा विषय काढला की ज्यात कोणाला कोणाची मदत होणार नाही. स्मरणचित्र, 'माझा शाळेचा पहिला दिवस'. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाकीच्यांनी शाळा काढली, झेंडा काढला, रडणारी पोरं काढली. राजनंदिनी नावाच्या एका मुलीनं छान काढलं, दप्तरात लपवलेली मांजर. आणि आपल्या चिरंजीवांनी एक सायकल काढली. सायकलवर एक माणूस, उजव्या पायात पँटला चिमटा, दांडीला सुतळीनं बांधलेली छत्री, मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा जरा खाली, आणि कान (हे मी नंतर आरशात तपासलं) कानही तेवढेच मोठे. पुढच्या दांडीवर घडी केलेला टॉवेल आणि टॉवेलवर पाच वर्षांचं पोरगं. मागे पुसेगावचा रस्ता. तेव्हा तुम्ही हंगामावर होता, अक्का आजारी होती, आणि दांडी टोचू नये म्हणून तो टॉवेल मी घातला होता. मी तर ते विसरूनही गेलो होतो.

खोलीतल्या सगळ्यांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या उजव्या पायाकडे. चिमटा होता. पाणी द्यायला आलेला अमरसिंगही ट्रे घेऊन तिथंच थांबला. अध्यक्षांनी फार सावकाश विचारलं, "सर, हे कोन हायेत?" मी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणालो, कोणीतरी मास्तर दिसतात. प्रमोदनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. हसला नाही. सूचनाच तशी होती.

मग नि:पक्षपातीपणा दिसावा म्हणून मी त्याला वीसपैकी चार मार्क दिले. माझा हिशेब असा होता की बाकी दोघं जे काय द्यायचं ते देतील, आणि पोरगं गुणी आहे, त्याच्या हुशारीवर निघून जाईल. दोघांनीही अठरा-अठरा दिले. बेरीज चाळीस. राजनंदिनीची एकेचाळीस. एका मार्कानं जागा गेली, दाजी, आणि तो मार्क माझ्या पेनातून यायचा होता.

सगळे गेल्यावर अध्यक्षांनी मला चहाला थांबवलं. मला वाटलं, आता चौकशी. ते म्हणाले, "अमरसिंगनं सांगितलं, तुमच्या भैनीचं लेकरू हाय, म्हनून तर आमी अठरा देले. सात वर्सांत तुमी कायबी मागितलं न्हाई, म्हनलं यंदा सरांचं काम करू. आन् तुमी चार देले. मंग मला वाटलं, मामाच वळख देईना म्हनल्यावर पोरात कायतरी खोट असंल. काहून मधी पडावं?" म्हणजे बघा, माझ्यावर कोणाचा संशय नव्हता. माझ्यामुळे त्याच्यावर आला. त्या चहाला चव नव्हती. साखर होती की नाही तेही आठवत नाही.

अशी सगळी हकीकत आहे. यात माझा दोष कुठे दिसत असेल तर दाखवावा, मी तो तपासून पाहीन. अक्काला साष्टांग. बरणी न पाठवल्याचा राग नाही.

आपला मेहुणा,
हरिचंद

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राजनंदिनीबाई रुजू झाल्याच नाहीत. त्यांना त्यांच्या गावाजवळच्या शाळेत जागा मिळाली (खरंच मिळाली का, हे मी पत्र टाकून खात्री करून घेतलं, मिळाली आहे). तेव्हा प्रतीक्षायादीतला दुसरा नंबर लागतो, आणि दुसरा नंबर प्रमोदचा आहे. समितीपुढे उभं राहून मी तो माझा भाचा असल्याचं सांगितलं, पहिली सही चुकीची होती हेही लेखी दिलं, आणि माझे चार मार्क काढून टाकले. नुसत्या दोघांच्या मार्कांवरही तोच पुढे निघाला. अध्यक्ष म्हणाले, एवढ्या एका वाक्याला नऊ दिवस लागले. अकरा तारखेला नेमणुकीचा आदेश माझ्या सहीनं, रजिस्टरनं, तुमच्या पत्त्यावर पाठवला.

ता. क. २. तो काल परत आला. पोस्टमननं माझ्यापुढे पाकीट ठेवलं तेव्हा मला आधी त्याचाच संशय आला. मग पाकिटावरचा शेरा वाचला. लाल शाईत, ठाशीव, रेषेला रेष मिळालेलं, आमच्या सुविचाराच्या फलकावर सात जन्मांत उमटणार नाही असं अक्षर: 'पाठवणाऱ्यास ओळखत नाही. परत.' अध्यक्षांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "सर, मास्तर ह्योच पायजे." दाजी, शनिवार तीस तारखेपर्यंत तो रुजू झाला नाही तर तिसऱ्या नंबरला बोलवावं लागेल, आणि तिसऱ्या नंबरवर तो सिंहवाला आहे. प्रमोदला पाठवा. माझ्यासाठी नाही पाठवलंत तरी चालेल, त्याच्या स्वतःसाठी पाठवा. माझं चुकलं. हे वाक्य अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं तरी हरकत नाही.

ता. क. ३. पत्रावर विसंबून राहणं मला बरं वाटत नाही, म्हणून रविवारी सकाळच्या बसनं मी स्वतःच आदेश घेऊन येत आहे. दार बहुधा प्रमोदच उघडेल. त्याला फक्त एवढं सांगून ठेवा, की मला शिव्या दे, उपाशी ठेव, पण दारात उभं करून 'कोण पाहिजे?' असं विचारू नकोस. 'माझा भाचा' हे त्याचं उत्तर मी अजून एकदाच दिलं आहे, नीट सराव झालेला नाही.