दाराच्या पाठीवरचा उजेड

३ नोव्हेंबर, सोमवार

गॅरेजच्या डाव्या भिंतीवर ओरखडा आहे. कमरेच्या खाली, हातभर लांब. शोधायला गेले होते छत्री, सापडला ओरखडा. तिथल्या मिणमिणत्या पिवळ्या बल्बखाली तो काळपट दिसला. त्या बल्बखाली काळपट काय दिसत नाही? मीसुद्धा दिसते.

जेवताना सहज बोलून गेले. दर शुक्रवारी साप्ताहिकात लोकांना ओरबाडते, घरी निदान भिंतीबद्दल तरी जपून बोलायला हवं होतं. नवऱ्याने लगेच चमचा खाली ठेवला.

"आई, आता पुरे. गाडी चालवणं बंद."

सासूबाई शहात्तरच्या. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यांची लाल गाडी त्यांच्यासारखीच — जुनी, ठणठणीत, कुणाचं न ऐकणारी. दर गुरुवारी दोन मैत्रिणींना गाडीत घालून पत्त्यांच्या क्लबात जातात. त्या दोघींपैकी एकीलाही गाडी येत नाही. म्हणजे किल्ली गेली की तिघींचा डाव मोडला. आणि सासूबाई घरी बसणार म्हणजे माझ्यासमोर बसणार. तेव्हा या प्रकरणात मी निःपक्षपाती नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

"फाटकाच्या खांबाला घासली ती मीच," त्या म्हणाल्या. "तो मी नाकारत नाही. भिंत मात्र मला आठवत नाही."

"आठवत नाही ना? तेच तर म्हणतोय मी."

शहात्तराव्या वर्षी 'आठवत नाही' म्हणणं म्हणजे कबुलीजबाबावर सही करणं. बिचाऱ्या रात्री दूधसुद्धा न घेता झोपल्या.

४ नोव्हेंबर

तह झाला!

सासूबाईंचं म्हणणं एकच — गाडी आत शिरताना ऐन वेळी अंधार होतो. बल्ब लावलेला असला तरी.

"बल्ब लावला की अंधार होतो," नवरा हसला. "हेच शास्त्र शिकवायचीस का गं मुलांना?"

"तुलाही शिकवलं होतं. तुझ्यावर परिणाम झाला नाही."

शेवटी ठरलं ते असं. गॅरेजमध्ये चांगले एलईडी दिवे लावायचे. मग एका संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांदेखत गाडी आत घ्यायची. घासली, तर किल्ली सोडायची. नाही घासली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. दिवे मी निवडायचे, कारण नवरा फिर्यादी आणि सासूबाई आरोपी.

नवऱ्याने न्यायाधीशाच्या थाटात समारोप केला. "ज्याच्या हातून गाडी घासते त्याने किल्ली ठेवून द्यावी. साधा न्याय आहे."

"कबूल," सासूबाई म्हणाल्या. "वाक्य लक्षात ठेव, बाळ्या."

बाळ्या छप्पन्न वर्षांचा आहे.

५ नोव्हेंबर

बाळ्याने सकाळी उठून माळ्यावरची जुनी गादी काढली आणि गॅरेजच्या डाव्या भिंतीला उभी बांधली. दोरीने, चांगल्या सात-आठ गाठी मारून. "आईच्या गाडीला लागू नये म्हणून." इतकी मातृभक्ती!

सासूबाई गादी बघून आल्या. "आता वर खुळखुळाही टांग."

८ नोव्हेंबर, शनिवार

दिव्यांच्या दुकानात गेले. निघताना नवरा फाटकापर्यंत मागे मागे. "पिवळसरच घे. डोळ्यांना शांत वाटतो. आणि एक पुरे. गॅरेज आहे, नाटकाचं स्टेज नव्हे." याला डोळ्यांच्या शांततेची काळजी कधीपासून? स्वतःची नवी निळी गाडी भर उन्हात अंगणात उभी करून पुसतो. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या तेव्हा पंधरवडाभर तीच गाडी गॅरेजात सुखाने झोपली होती. त्या परत यायच्या आदल्या दिवशी निघाली ती थेट सर्विसिंगला. नव्या गाडीला कसलं आलंय सर्विसिंग? पण पुरुषांच्या गाड्यांना माहेरपण लागतं.

दुकानदार फार गोड माणूस. गोड म्हणजे चिकट.

"वॉट विसरा, ताई. वॉट म्हणजे दिवा खातो किती. लुमेन म्हणजे देतो किती. माणसाचंही तेच बघावं."

मग त्याने गल्ल्याखालून दोन मोजे काढले. (धुतलेले होते, अशी मी समजूत करून घेतली.) एका दिव्याखाली धरले — दोन्ही काळे. दुसऱ्या दिव्याखाली धरले — एक काळा, एक गडद निळा! "उजेड दोन्हींचा सारखाच. पण हा दुसरा रंग खरा दाखवतो." घरात मोजे मीच जोडते. कोण जाणे, नवरा किती वर्षं एक काळा नि एक निळा पाय घेऊन ऑफिसात जातोय.

खरा रंग दाखवणाऱ्या चार लांब पट्ट्या घेतल्या. ना पिवळ्या, ना निळसर पांढऱ्या, सकाळच्या उजेडासारख्या. घरी आणल्यावर नवऱ्याने खोक्यावरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली आणि म्हणाला, "एवढा खरा रंग काय करायचाय?"

९ नोव्हेंबर, रविवार

वायरमन आला. याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो, कारण विचाराल त्याचं उत्तर तेच. जुन्या वायरीला अर्थिंगच नव्हतं. "मग इतकी वर्षं?" "होऊन गेलं ना, ताई." त्याने मेन पाडला, बोर्डापासून नवी वायर ओढली, गॅरेजसाठी वेगळा ब्रेकर बसवला, पट्ट्या छताला ओळीने लावल्या. नवऱ्याने शिडी धरली. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, शिडीखालून वायरमन हाकणारा आज पाहिला.

स्विच दोन मागितले होते — एक घरातून गॅरेजात उतरतो तिथे, एक मोठ्या दाराशी. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा, जिन्यात असतात तसे. वायरमनच्या पहिल्या जोडणीत दोन्ही स्विच चालू असले तरच दिवा लागत होता. म्हणजे दोघांचं एकमत झालं तरच उजेड! या घरात तो दिवा कधीच लागला नसता.

दुसऱ्या जोडणीत जमलं. बाहेर वारा होता म्हणून मोठं दार लावून घेतलं आणि दिवे लावले. ऑपरेशन थिएटर! हरवलेली छत्री दिसली. नवऱ्याने मला गेल्या वाढदिवसाला दिलेली आणि मी लपवलेली फुलदाणीही दिसली. त्यालाही दिसली.

"आता बोल, आई," नवरा म्हणाला. "आता तरी अंधाराचं नाव काढू नकोस."

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. गुरुवारी क्लबातून परतताना आत गाडी घ्यायची ठरली. तीच परीक्षा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हसून हसून पोट दुखतंय, पण लिहिते.

संध्याकाळी सासूबाईंची गाडी आली. मैत्रिणी मागच्या सीटवर, साक्षीदार म्हणून थांबवून घेतलेल्या. मी आणि नवरा आत, दिवे लावून. दार वर गेलं — आमचं दार वर जातं आणि छताखाली आडवं होऊन पसरतं — आणि गॅरेजात अंधार!

गाडी बाहेरच थांबली. हॉर्न. पुन्हा हॉर्न.

"लावा की दिवे!"

"लागलेत, आई!"

"कुठे?"

वर पाहिलं. दिवे छताला. दाराचा पत्रा दिव्यांच्या खाली. चारही पट्ट्या सगळी ताकद लावून दाराची पाठ उजळत होत्या. तिथे इतका उजेड, की पाकोळ्यांनी परीक्षेचा अभ्यास करावा. खाली आम्ही चाचपडतोय. जुन्या बल्बचंही तेच होत असणार. दार बंद असताना आम्ही आतून बघायचो, सगळं दिसायचं. दार उघडं असताना बाहेरून बघायच्या फक्त सासूबाई. एवढी वर्षं त्या सांगत होत्या आणि आम्ही त्यांचं वय मोजत होतो. इथे कोणती म्हण बसते ते लहान मूलही सांगेल. मी लिहीत नाही. शुक्रवारचा लेख असता तर लिहिली असती.

सासूबाई खाली उतरल्या, आत आल्या, मान वर करून दाराची पाठ पाहिली.

"छान. आता दारालाच गाडी चालवायला शिकवा."

मागच्या सीटवरून टाळ्या.

नवरा मात्र अडून. "ते सगळं ठीक. पण ओरखडा आहेच ना?" परीक्षा पुढे ढकलली.

१४ नोव्हेंबर

वायरमनला फोन. "छतावरून काढून बाजूच्या भिंतींवर लावू, उघड्या दाराच्या पातळीखाली. होऊन जाईल."

नवरा कडाडला. "भिंतींवर नको. त्यापेक्षा दार बदलू."

चार पट्ट्या हलवायच्या नाहीत म्हणून अख्खं दार बदलायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उंदराला घाबरून घर विकण्यातला प्रकार! सासूबाईंनी चष्मा वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेत कॉपी करणाऱ्यांकडे असंच बघत असतील.

१५ नोव्हेंबर

पट्ट्या भिंतींवर. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. उजेड हलत नाही. नवऱ्याचं डोकं दुखतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा.

मैत्रिणी खास आल्या होत्या, स्वेटर घालून. सासूबाईंनी आधी गॅरेजात फेरी मारली आणि गादीपाशी थांबल्या.

"ही काढा. परीक्षेला गाइड चालत नाही."

"राहू दे गं, आई. गाठी घट्ट आहेत, सुटायच्या नाहीत."

सासूबाईंनी पर्समधून कात्री काढली.

गादी गेली. त्या गाडीत बसल्या, रस्त्याच्या वळणापर्यंत मागे गेल्या. एका भिंतीवर त्यांचे सगळे गुरुवार पणाला लागले होते. गाडी आली — सावकाश, सरळ, आरसे दोन्हीकडे सारख्या अंतरावर. थांबली. इंजिन बंद. भिंत जागच्या जागी, आरसा जागच्या जागी! मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात. मीही पडले त्यांच्या गळ्यात, स्वेटरची लोकर तोंडात गेली.

"पास," नवरा म्हणाला. "मानलं. चला आता आत, गारवा आहे." मघापासून तो डाव्या भिंतीला टेकून उभा होता.

"बाजूला हो," सासूबाई म्हणाल्या.

झाला. त्या वाकल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाकल्या. बोटाने ओरखड्यावरचं काहीतरी खरवडलं आणि दिव्यापाशी धरलं.

"आयुष्यभर मुलांना लिटमसचे दोनच रंग विचारले मी," त्या म्हणाल्या. "बाळ्या, जरा इकडे ये."

मी चहा टाकायला आत पळाले. शिक्षा बघवत नाही मला. ऐकू मात्र सगळं आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ओरखडा निळा आहे. सासूबाईंच्या पर्समध्ये आता दोन किल्ल्या आहेत. नवरा सकाळी ऑफिसला गेला तो लाल गाडीतून, मागच्या सीटवर. "पट्टा लावलास का रे?" — गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं.