गाढ निजणारी

आये, तुझे सगळे उपाय करून झाले. जायफळ उगाळून दुधातून घेतलं. संध्याकाळी दुसरं काही न खाता नागलीची गरम पेज प्यायले. तळपायांना खोबरेल लावून काशाच्या वाटीनं घासलं, पण आपल्याच हातानं आपले पाय घासायचे म्हणजे कमरेत वाकून बसावं लागतं आणि होती नव्हती ती गुंगीही उतरते. नीज येत नाही. तुझ्या शब्दात नीज म्हणते, कारण इथं जव्हारला डॉक्टरांपुढं बसून इतक्यांदा झोप, झोप म्हणाले की तो शब्द आता औषधाच्या नावासारखा वाटतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज नीट आठवायला हातातलं काम थांबवावं लागतं. तुला वाचता येत नव्हतं. मी हे असल्या कचेरीच्या मराठीत लिहिते आहे, ते कोणी वाचून दाखवलं असतं तरी तू अर्ध्यात म्हणाली असतीस, पोरी, घरच्यासारखी बोल. तसं बोलायला आता घरात कोणी नाही.

तुझा जावई गेला, आये. थंडीचे दिवस होते. मोखाड्याच्या पाड्यांवर आयुष्यभर शाळा शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते आणि सकाळी उशिरापर्यंत पडून राहायची सवय लावून घ्यायची असं म्हणत होते. ते त्यांना कधी जमलं नव्हतं. माझ्या उलट. भिंतीवर पाल सरकली तरी ह्यांना जाग यायची. मी झोपेत खोकले तर उठून पाणी आणून द्यायचे आणि सकाळी मला त्यातलं काही आठवायचं नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर मी त्यांचे पाय घासले, रोजच्यासारखे. एका पायाचं होऊन दुसऱ्याचं सुरू केलं तोवर ते घोरायला लागले. मला बरं वाटलं. आज लवकर लागली म्हणून वाटी हळूच खाली ठेवली, आवाज होऊ दिला नाही, आणि मीही त्यांच्या बाजूला आडवी झाले.

सकाळी उठले, गॅस पेटवला, चहा ठेवला. दोन कप गाळले. हाक मारली. पुन्हा मारली. उठायची चिन्हं दिसेनात तेव्हा मला हसू आलं, म्हटलं, जमली वाटतं सवय. कप घेऊन आत गेले आणि खांद्याला हात लावला. आये, तुला सांगायला नको की गार अंग कसं लागतं. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, मध्यरात्रीच्या सुमारास केव्हातरी गेले असतील, हृदयच थांबलं. म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसणार. नंतर जो भेटायला आला तो हेच म्हणाला. किती सुखाचं मरण, कोणाला असं येतं. सगळे ह्यांच्या झोपेबद्दल बोलले. माझ्या झोपेबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत मी त्यांना खेटून गाढ निजले होते. त्यांनी हाक मारली असेल का, हात पुढे केला असेल का, हे सांगायला घरात एकच माणूस होतं आणि ते झोपलेलं होतं.

तू ज्या निवासी शाळेत स्वयंपाक करायचीस तिथले जूनमधले दिवस आठवतात. नवी पोरं येतात, सहा-सात वर्षांची, आयुष्यात पहिल्यांदा आईपासून लांब. दिवसा खेळतात आणि दिवेलागण झाली की एकाचं बघून दुसरं रडायला लागतं. तू भांडी घासून टाकून त्यांना चुलीजवळ बोलावतेस. निखारे अजून लाल असतात. एकेकाला पेज पाजतेस, हातापायांना तेल चोळतेस आणि त्यांच्या पाड्याचं विचारतेस. तुमची गाय कोणत्या रंगाची? विहिरीवर जाताना आधी आंबा लागतो का मोह? पोरगं उत्तरं देता देता पेंगतं. मग तू त्याला काखेत मारून त्याच्या जागेवर ठेवून येतेस. मी तांदळाच्या गोणींवर लोळत हे बघायचे, पण शेवटापर्यंत कधी बघितलं नाही. सगळ्यांच्या आधी मीच निजलेली असायचे. तू इतर बायांना सांगायचीस, "हिला काय बी करायला लागत नाय. खाली टेकली का गेली."

आणि मग ती दुपार. पोशेऱ्याचं आपलं घर, भात झोडून झालेलं, पडवीत पेंढा रचलेला. मी आत निजलेय. चुलीतली ठिणगी उडून पेंढ्याला लागते. शेजारचे लोक ओरडतायत, घागरी घेऊन धावतायत, म्हैस दावं तोडायला बघतेय, आणि मला काही म्हणता काही ऐकू येत नाही. तू शेतावरून धावत येतेस आणि माझ्या पायांना धरून मला फरफटत अंगणात काढतेस. माझे डोळे उघडतात तेव्हा वर आभाळ आहे आणि तू माझ्या तोंडात एक सणसणीत ठेवून देतेस. आग विझली. पडवीच गेली, घर वाचलं. लोक हसले, पोरगी आहे का दगड म्हणाले. तू हसली नाहीस. संध्याकाळी माझ्या केसांतली राख काढताना म्हणालीस, "इतकी गाढ निजू नको, पोरी. बाईमाणसानं एक कान उघडा ठेवून निजायचा." मी विचारलं, "तो कसा ठेवायचा?" तुलाही ते शिकवता येणार नव्हतं. तुझा तो आपोआप उघडा राहायचा.

माझ्या लग्नात ती काशाची वाटी तूच दिलीस. जावई झोपेचा कच्चा आहे हे तुला कुठूनतरी कळलं होतं, म्हणून मोखाड्याच्या बाजारात ती वाजवून वाजवून घेतलीस. मला म्हणालीस, "याला निजवायचा तुझ्याकडं, आन तुला उठवायचा याच्याकडं." आमचं तसंच चाललं, सगळा संसार.

लेक ठाण्याला नोकरी करते. ती सुट्टी काढून आली आणि राहिली. मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सवयी सांगितल्या. दुपारनंतर चहा नाही. रोज एकाच वेळी अंथरुणावर जायचं. मोबाईल बघायचा नाही. नाहीच आली झोप तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. मी कचेरीतलं परिपत्रक पाळावं तसं सगळं पाळलं. लेकीनं फोनवर पावसाचा आवाज लावून दिला. मला वाटत राहिलं कौलं गळतायत. शेजारच्या चाचींनी, त्यांच्या घरचं शिवणकामाचं दुकान आहे, खसखस वाटून बदामाच्या दुधात आणून दिली. पोशेऱ्याहून भाऊ आला, भगताकडून मंतरलेले तांदूळ घेऊन. तेही उशाखाली ठेवले. शेवटी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

गोळीनं झोप आली. आधीसारखीच, गाढ, काळी. चार-पाच दिवस मी निजले आणि लेकीचा चेहरा उजळला. मग एका सकाळी जाग आली तर ती माझ्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडलेली, पांघरूण हनुवटीपर्यंत, हालचाल नाही. मी तिला दोन्ही हातांनी धरून इतकं गदागदा हलवलं की ती किंचाळत उठून बसली. "आई, काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. झोप." ती हळूच म्हणाली, "आई, मी जिवंत आहे गं." त्यानंतर मी गोळी घेतली नाही. रात्रभर तिच्या नाकापुढं तळवा धरून बसायला लागले. तिला ते कळलं तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "तू अशी बघत बसलीस तर मी कशी झोपू?" हळूहळू तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. पडून राहायची, मला बरं वाटावं म्हणून झोपेचं सोंग घ्यायची, आणि मी त्या सोंगातले श्वास मोजत बसायचे. माझ्या पोटच्या पोरीची झोप मी खाल्ली, आये.

तिची सुट्टी संपली. जव्हारच्या स्टँडवर ऊन तापलेलं होतं, गाडी लागायची होती. "माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "एकटी नको राहूस."

"तिथं येऊन काय करू? तिथंही तू निजणार आणि मी बघणार."

"बाबांचं कोणाच्या हातात नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले? तू जागी असतीस तरी काही करता आलं नसतं."

"तरी जागी असते ना," मी म्हटलं.

ती रडायला लागली. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण हात उचलला नाही. गाडी लागली, लोक धावले, तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं काचेतून हात हलवला आणि गाडी वळायच्या आत डोकं मागं टेकून डोळे मिटले. मी पाहिलं. माझ्यापासून सुटल्याबरोबर तिला झोप आली.

आता ती रोज सकाळी फोन करते. "झोपलीस?" मी म्हणते, "हो गं, लागते आता." चाची दोनदा म्हणाल्या, "मी येते ना रात्री तुझ्याकडे निजायला, बेटी. माणूस असलं घरात की डोळा लागतो." त्यांना नको म्हटलं. त्यांचं वय झालंय. त्या इथं निजल्या तर त्यांचाही श्वास मला राखावा लागेल. कचेरीत आकडे डोळ्यांपुढं हलतात, साहेब सांभाळून घेतात, किती दिवस घेतील माहीत नाही. बरं होईल असं मला वाटत नाही. लोक म्हणतात दिवस जाऊ देत. दिवस जातात, त्यांचं काही नाही.

एक मात्र तुला सांगते. मागच्या महिन्यात कामासाठी मोखाड्याला गेले होते. येताना जीपमध्ये मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलो होतो, कोंबडीची टोपली, कोणाचं खताचं पोतं. मध्येच कुठंतरी माझा डोळा लागला. जाग आली ती बाजूच्या बाईच्या खांद्यावर. अनोळखी बाई, कपाळावर गोंदलेलं, लुगड्याला धुराचा वास. माझी लाळ तिच्या पदराला लागली होती. "आला जव्हार," ती म्हणाली. "निजू दिली तुला. लय दमलेली होतीस." ती टोपली उचलून उतरली आणि गेली. मी तिला नावही विचारलं नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी मोखाड्याला जाते. लेकीला सांगितलंय, बाजाराला जाते. नागली आणते, ती डब्यात तशीच पडून राहते, खायला कोण आहे. मोखाड्यात मला काही काम नसतं. जाताना निजते, येताना निजते. त्या जीपमध्ये माझं कोणी नसतं, म्हणून.