झाकून ठेवलेल्या सामानाबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग

विषय : तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे मूल्यांकन पुन्हा होईपर्यंत घरमालकांचे वाढीव कर्ज थांबवण्याबाबत.
संदर्भ : आपल्या मूल्यांकन अधिकाऱ्यांचा अहवाल, ज्यात सदर खोल्या रिकाम्या आहेत.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने रंगारी असून सदर रिकाम्या खोल्यांत पत्नी व अंथरुणाला खिळलेले वडील यांच्यासह भाड्याने राहतो.

२. घरमालक हे गुंतवणूकदार आहेत. म्हणजे एका जागेची किंमत वाढवून घ्यायची, तिच्यावर मोठे कर्ज काढून जुने फेडायचे आणि उरलेल्या पैशात पुढची जागा घ्यायची. या रिफायनान्सचे धडे ते जिन्यात भेटेल त्याला देतात. "पैसा झोपू द्यायचा नसतो," असे ते अर्जदारास म्हणाले, तेव्हा अर्जदाराच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या. पंप बंद पडून आठवडा झाला होता. पंप झोपलेला चालतो.

३. आतल्या खोलीच्या छताला ओल आली, त्यावर घरमालक "बघू" म्हणाले. त्यांचे हे बघणे ओळखून असल्याने अर्जदाराने सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून छत रंगवायला घेतले. वडिलांना हलवता येत नाही, म्हणून त्यांच्यावर रंगकामाची चादर टाकली व हवेसाठी भिंतीकडची बाजू उघडी ठेवली. नेमके तेव्हाच घरमालक आपल्या बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्या साहेबांना घेऊन आले आणि शिडीकडे बोट दाखवून म्हणाले, "काम काढलंय, रंगारी लावलाय." अर्जदार रंगारी आहेच, त्यामुळे त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट "साहेब, रंग ओला आहे, टेकू नका," असे त्यानेच वरून सांगितले. फरशी पुसणाऱ्या पत्नीला कामवाली समजून साहेब बुटांसह ओल्या फरशीवरून गेले. वडील गाढ झोपले होते.

४. साहेबांनी दारातूनच आत डोकावले आणि अहवालात लिहिले, "मालकाकडून नूतनीकरण सुरू. जागा रिकामी. आतील खोलीत थोडे सामान झाकून ठेवलेले. रंगकाम उत्तम दर्जाचे." किंमत वाढल्याच्या आनंदात घरमालकांनीच अहवालाची प्रत अर्जदाराच्या हातात दिली. शेवटच्या वाक्याबद्दल अर्जदार आभारी आहे. त्याच्या कामाला असे लेखी आजवर कोणी म्हटले नव्हते.

५. आता वाढीव कर्जाचा हप्ता जुन्या भाड्यात बसत नाही, म्हणून महिनाअखेर खोल्या सोडण्यास सांगितले आहे. शिवाय पैसे देण्यापूर्वी बँकेचा माणूस खात्री करण्यास येणार, तेव्हा जागा अहवालाप्रमाणे दिसली पाहिजे. त्यावर "म्हाताऱ्यांना चार दिवस कुठेतरी ठेवा" असा तोडगाही मिळाला. कर्ज एका घरावरून दुसऱ्या घरावर लीलया नेणाऱ्यांना जिना न उतरू शकणारा माणूसही तसाच नेता येईल असे वाटते. अर्जदाराला या हुशारीची किळस येते, आणि असा अहवाल मुकाट्याने फायलीला लावणाऱ्या कार्यालयाची तर त्याहून जास्त.

६. तरी साहेबांना पुन्हा पाठवावे, या वेळी बूट काढून व आतल्या खोलीपर्यंत. अर्जदार कपाट सरकवून मागची ओल दाखवील. गरज पडल्यास आपले उत्तम दर्जाचे काम आपल्याच हाताने खरवडून किंमत होती तिथे आणून देईल. एवढे करूनही कर्ज द्यायचेच ठरले, तर सामान उचलायला माणसे बँकेने पाठवावीत. कसे उचलायचे ते पत्नी सांगेल. पाठीला जखमा आहेत.

आपला नम्र, आणि अजून जागेवरच असलेला,
तिसऱ्या मजल्यावरचा रंगारी

दिनांक : महिना संपायला आठवडा असताना

सोबत :
(१) चालू महिन्याची भाडेपावती.
(२) अहवालाची प्रत.
(३) वडील. जोडता आले नाहीत, जागेवर पाहावेत. चादर काढली आहे.